पीटिकेच्या आत म्हणजे पेशीच्या बाहेर

सूक्ष्मदर्शी

गेल्या आठवड्यात बऱ्याच वर्षांनी पॅरामेशियम या एकपेशीय जीवाचा एक जुना प्रयोग पुन्हा केला. यीस्ट काँगो रेडच्या द्रावणात उकळून घ्यायचं, लाल झालेल्या त्या पेशी पॅरामेशियमच्या थेंबात सोडायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली नुसतं बघत बसायचं. थोड्या वेळात मुखखाचेच्या तळाशी लाल कणांनी भरलेला एक फुगा तयार होतो, सुटतो आणि पेशीद्रव्यात फिरू लागतो. काही मिनिटांनी तोच फुगा जांभळा, मग निळा दिसतो. काँगो रेड सामू (पीएच) ५ च्या वर लाल असतो आणि ३ च्या आसपास निळा. म्हणजे त्या इवल्याशा फुग्यात पेशीने आम्ल भरलेलं असतं. आणि पाच-सहा नॅनोमीटर जाडीच्या पटलापलीकडे पेशीद्रव्य मात्र जवळजवळ उदासीन, सामू ७ च्या आसपास.

हा रंग बदलताना पाहून एक गोष्ट नव्याने पटली, तिच्यासाठी हा धागा.

शाळेत आपण शिकतो की लहान रेणू पटलातून किंवा पटलातल्या प्रथिनांमधून ये-जा करतात आणि मोठे रेणू पीटिकांमधून, म्हणजे पटलाच्या इवल्याशा बंद पिशव्यांमधून, आत घेतले जातात किंवा बाहेर टाकले जातात. आत घेणं म्हणजे पेशीय भक्षण, बाहेर टाकणं म्हणजे पेशी-उत्सर्जन. हे बरोबरच आहे. पण त्यातला 'आत' हा शब्द नीट तपासला नाही तर पुढचं सगळं धूसर राहतं.

अर्धवट फुगवलेल्या फुग्यात बोट खुपसा. बोट फुग्याच्या 'आत' गेलेलं दिसतं, पण रबराच्या कुठल्या बाजूला आहे? बाहेरच्याच. आता बोटाभोवतीचं रबर चिमटीत धरून मागे जोडून टाकलं अशी कल्पना करा. बोटाभोवती एक बंद पिशवी झाली, ती मोठ्या फुग्याच्या पोकळीत तरंगतेय, तरीही बोटाला लागून असलेली बाजू रबराची बाहेरचीच बाजू आहे. पीटिका ही अशी असते. तिच्यातला माल पेशीच्या हद्दीत आला, पण पटल ओलांडून पेशीद्रव्यात आला नाही. पीटिकेची पोकळी म्हणजे पेशीने आपल्या पोटात बाळगलेला बाहेरच्या जगाचा तुकडा.

म्हणूनच पेशी त्या तुकड्यात निर्धास्तपणे आम्ल ओतू शकते, पचवणारी एन्झाइम्स सोडू शकते. लयकारिका (लायसोसोम) म्हणजे पेशीतली पचनाची पिशवी, तिच्यातल्या एन्झाइम्सना सामू ५ च्या आसपास काम करायची सवय. एखादी लयकारिका फुटलीच, तरी पेशीद्रव्याच्या उदासीन सामूत त्यातली बहुतेक एन्झाइम्स मंदावतात. ख्रिश्चन द ड्यूव यांनी १९५५ साली लयकारिकांना नाव दिलं आणि १९६३ मध्ये 'एन्डोसायटोसिस' व 'एक्सोसायटोसिस' हे शब्दही त्यांनीच दिले. एकाच माणसाने पोट आणि तोंड दोन्हींची नावं ठेवावीत, हे मला फार आवडतं.

ज्यांनी हे शिकवलंय, शिकलंय, किंवा ज्यांच्या कामात हे येतं, त्यांनी कृपया भर घाला.

बारावी_सायन्स

सर, छान समजलं. दोन शंका आहेत. इन्शुलिनसारखं प्रथिन पेशीद्रव्यातल्या रायबोसोमवर तयार होतं ना? मग ते पीटिकेत शिरतं कधी? तुमच्या म्हणण्याप्रमाणे पीटिकेची पोकळी म्हणजे 'बाहेर', तर कुठेतरी पटल ओलांडावंच लागेल.

दुसरी शंका: पीटिका पटलाला चिकटून माल बाहेर टाकते, तेव्हा तिचं पटल मोठ्या पटलात मिसळतं. मग पेशी फुगत का नाही?

शब्दवेडी

वाचतेय, फार सुरेख चाललंय. एक भाषेची शंका. कुठे 'पीटिका' लिहिलेलं दिसतं, कुठे 'पुटिका', तर बोलताना सगळेच 'व्हेसिकल' म्हणतात. पाठ्यपुस्तकात पीटिका पाहिल्याचं आठवतंय. पण 'रिक्तिका' आणि 'पीटिका' यांत गल्लत होते असं विद्यार्थ्यांशी बोलताना जाणवतं. रिक्तिका म्हणजे रिकामी जागा असा अर्थ घेतला जातो, आणि ती तर मुळीच रिकामी नसते.

सूक्ष्मदर्शी

@शब्दवेडी, मी पाठ्यपुस्तकातला 'पीटिका'च धरून चालतो. रिक्तिकेबद्दल पूर्ण सहमत. सुरुवातीच्या सूक्ष्मदर्शकांतून ती मोकळी जागा वाटली आणि नाव चिकटलं. वरच्या प्रयोगातला लाल फुगा ही अन्नरिक्तिका, आणि ती तर खच्चून भरलेली असते.

@बारावी_सायन्स, पहिला प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. हो, पटल ओलांडावं लागतं, आणि ते एकदाच, प्रथिन जन्माला येत असताना. बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या साखळीच्या सुरुवातीलाच साधारण वीसेक अमिनो आम्लांचा एक पत्ता लिहिलेला असतो. रायबोसोममधून तो डोकावला की रायबोसोमला आंतर्द्रव्यजालिकेपाशी, म्हणजे पेशीद्रव्यात पसरलेल्या पटलांच्या पोकळ जाळ्यापाशी, नेलं जातं, आणि पुढची साखळी तयार होता होता एका अरुंद मार्गिकेतून सरळ जालिकेच्या पोकळीत ओवली जाते. सुई-दोऱ्यातल्या दोऱ्यासारखी, घडी न पडलेली. घडी पलीकडे गेल्यावर पडते. हा पत्ता शोधून काढल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं.

एकदा जालिकेच्या पोकळीत पोचलं की प्रथिन तत्त्वतः 'बाहेर' गेलं. पुढचा सगळा प्रवास, जालिका ते गॉल्गी संकुल (प्रथिनांवर शेवटचा हात फिरवणाऱ्या चपट्या पिशव्यांची म्हणजे कुंडांची चळत), गॉल्गीच्या एका कुंडातून दुसऱ्यात, तिथून स्रावी पीटिका आणि शेवटी पटल, हा एका 'बाहेर'मधून दुसऱ्या 'बाहेर'मध्ये होतो. घडी पडलेलं भलंमोठं प्रथिन कुठल्याही पटलातून ढकलावं लागत नाही. पीटिकांची सगळी हुशारी त्यातच आहे.

हा मार्ग जॉर्ज पॅलेड आणि जेमिसन यांनी १९६० च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पेशींत पाहिला. पेशींना तीन मिनिटं किरणोत्सारी अमिनो आम्ल द्यायचं, मग ते काढून साधं द्यायचं, आणि ठरावीक वेळाने पेशी रसायनाने आहे तशा स्थिर करून किरणोत्सार कुठे पोचला ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. सुरुवातीला तो जालिकेवर, काही मिनिटांत गॉल्गीच्या कडेला, आणि दोनेक तासांनी स्रावी कणिकांमध्ये. आज हे वाचायला सोपं वाटतं. पण स्थिर छायाचित्रांमधून वाहतुकीची दिशा शोधून काढायची ही रीत माझ्या मते जीवशास्त्रातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी आहे.

दुसरा प्रश्न, पेशी फुगत का नाही: कारण तेवढंच पटल दुसरीकडून आत ओढलं जातं. मॅक्रोफेज ही भक्षक पेशी साधारण अर्ध्या तासात स्वतःच्या पृष्ठभागाएवढं पटल आत घेते आणि तेवढंच परत पाठवते. आपण 'पेशीचं पटल' म्हणून एक रेघ काढतो, ती प्रत्यक्षात सतत विणली आणि उसवली जात असते.

खडूफळा

बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवतोय. फळ्यावर पेशी काढताना आम्ही पीटिका म्हणजे एक साधं वर्तुळ काढतो आणि चूक तिथूनच सुरू होते. आता मी दोन रंगांचे खडू वापरतो. पटलाची पेशीद्रव्याकडची बाजू पिवळी, दुसरी निळी. मग भक्षण दाखवा, उत्सर्जन दाखवा, जालिका दाखवा. पिवळी बाजू कायम पेशीद्रव्याकडेच राहते आणि निळी कायम पोकळीकडे किंवा बाहेर. मुलं स्वतःच काढून बघतात आणि पटतं.

एक उदाहरण वर्गात नेहमी चालतं. रक्तगट अ, ब आणि ओ ठरतात ते तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या शर्करांच्या साखळ्यांवरून. या साखळ्यांच्या टोकाला शेवटची शर्करा जोडणारी एन्झाइम्स गॉल्गी संकुलाच्या आत, पोकळीकडच्या बाजूला काम करतात. मग पीटिका पटलात मिसळली की पोकळीकडचं ते सगळं आपोआप पेशीच्या बाहेरच्या अंगाला येतं. रक्तगटाच्या शर्करा पेशीच्या आतल्या बाजूला का सापडत नाहीत, याचं उत्तर निळ्या खडूत आहे.

भौतिकवाला

लेख आवडला, पण मला ऊर्जेचा हिशेब हवा आहे. मेदाचं द्विस्तर पटल सपाट राहायला बघतं. त्याला शंभरेक नॅनोमीटरच्या गोळ्यात वाकवायला जोर लागतो. आणि उलट बाजूने, दोन पटलं एकमेकांना भिडवायची तर मधल्या पाण्याचे थर पिळून काढावे लागतात, ते दोन-तीन नॅनोमीटरच्या आत आल्यावर प्रचंड विरोध करतात. साबणाचे बुडबुडे जसे सहज एक होतात तसं इथे होणार नाही. होत असतं तर पेशीतल्या सगळ्या पिशव्या एका दिवसात एकत्र झाल्या असत्या. मग वाकवतं कोण, तोडतं कोण, आणि जोडतं कोण?

सूक्ष्मदर्शी

@भौतिकवाला, तुम्ही अगदी याच क्रमाने विचारलंत हे बरं झालं, कारण तीन कामांना तीन वेगळी यंत्रं आहेत.

वाकवणं. १९६४ मध्ये रॉथ आणि पोर्टर यांना डासाच्या अंडपेशीत, जिथे ती पिवळ्या बलकाचं प्रथिन भराभर आत घेते, पटलाच्या आतल्या बाजूने केसाळ अस्तर असलेले खळगे दिसले. ते अस्तर वेगळं काढलं बार्बरा पीअर्स यांनी. डुकराच्या मेंदूतून अशा पीटिका शुद्ध करून १९७६ च्या सुमारास त्यांनी त्यातल्या प्रथिनाला क्लॅथ्रिन नाव दिलं. क्लॅथ्रिनचा एक घटक तीन वाकड्या पायांच्या तिवईसारखा असतो. अशा तिवया एकमेकींत अडकून षटकोन-पंचकोनांचा पिंजरा बनतो. नुसते षटकोन असते तर सपाट जाळी झाली असती, पंचकोन आले की ती वळते. पिंजरा थेट पटलाला धरत नाही, मध्ये जोडणारी प्रथिनं असतात. तीच आत घ्यायचा माल धरलेल्या रिसेप्टरची, म्हणजे पटलात रोवलेल्या माल-पकड प्रथिनाची, शेपटी ओळखतात. म्हणजे माल निवडणं आणि पटल वाकवणं हे एकाच हालचालीत होतं.

तोडणं. खळगा खोल झाला की मानेशी डायनॅमिन नावाचं प्रथिन सर्पिलासारखं गुंडाळतं आणि जीटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची ऊर्जा वापरून मान आवळून तोडतं. याची गोष्ट फळमाशीत आहे. 'शिबिरे' नावाच्या उत्परिवर्तनात माशा नेहमीच्या तापमानाला व्यवस्थित असतात, पण २९ अंशांच्या वर नेलं की लुळ्या पडतात. खाली आणलं की पुन्हा उडतात. गरम माशीच्या चेतासंधींत, म्हणजे एक चेतापेशी पुढच्या पेशीला संदेश देते त्या जागी, मानेपाशी अडकलेले खळगे दिसतात. बिघडलेलं डायनॅमिन मान तोडू शकत नाही, नव्या पीटिका बनत नाहीत, असलेल्या संपतात आणि संदेश थांबतो.

जोडणं. पीटिकेवर एक आणि लक्ष्य पटलावर दुसरी, अशी स्नेअर प्रथिनं असतात. भेटली की ती एका टोकाकडून दुसऱ्याकडे झिपसारखी गुंतत जातात. चार सर्पिलांची ती गुंडी इतकी घट्ट असते की गुंततानाच्या ऊर्जेतून तुमचे ते पाण्याचे थर पिळून निघतात. नंतर ही गुंडी सोडवायला मात्र एटीपी हा ऊर्जेचा रेणू खर्चावा लागतो, ते काम एनएसएफ नावाचं प्रथिन करतं. जेम्स रॉथमन यांच्या गटाने आधी हे सोडवणारं प्रथिन शुद्ध केलं आणि त्याच्या मागोमाग १९९३ मध्ये स्नेअरपर्यंत पोचले.

याच यंत्रणेकडे रँडी शेकमन दुसऱ्या वाटेने आले होते, आणि ती वाट मला जास्त भावते. त्यांनी आणि पीटर नोविक यांनी यीस्टमध्ये अशी उत्परिवर्तनं शोधली, ज्यांत तापमान ३७ अंशांवर नेलं की स्राव बंद पडतो. शोधायचं कसं? स्राव बंद झाला की पृष्ठभाग वाढत नाही, पण आत प्रथिनं बनतच राहतात, त्यामुळे पेशी जड होतात. मग घनतेच्या द्रावणात त्या खाली बसतात आणि वेगळ्या काढता येतात. १९८० पर्यंत त्यांनी अशी २३ जनुकं वेगळी केली. काहींत जालिका फुगलेली, काहींत पीटिकांचे ढीग साचलेले. वाहतूक कुठे तुंबली त्यावरून कुठलं जनुक कुठल्या टप्प्याचं ते कळलं. शेकमन, रॉथमन आणि चेतासंधीतलं कॅल्शियमचं नियंत्रण उलगडणारे थॉमस सूडोफ यांना २०१३ चं नोबेल एकत्र मिळालं.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे, म्हणून आजारांच्या बाजूने भर घालते. स्नेअरचा उल्लेख झाला म्हणून.

धनुर्वाताचं विष आणि बोट्युलिनम विष ही दोन्ही कात्रीसारखी काम करणारी प्रथिनं आहेत. धनुर्वाताचं विष आणि बोट्युलिनमचा ब प्रकार पीटिकेवरच्या स्नेअरला, म्हणजे सिनॅप्टोब्रेव्हिनला, अगदी त्याच एका बंधावर कापतात. १९९२ मध्ये हे कळलं तेव्हा मोठंच कोडं पडलं असणार, कारण दोन्हींची लक्षणं एकमेकांच्या विरुद्ध. बोट्युलिनममध्ये स्नायू लुळे पडतात, धनुर्वातात आवळून येतात. फरक कात्री कुठे पोचते याचा. बोट्युलिनम स्नायूपाशी असलेल्या चेतापेशीच्या टोकालाच थांबतं आणि स्नायूला जाणारा संदेश बंद करतं. धनुर्वाताचं विष त्याच टोकातून आत शिरतं, पण पीटिकेत बसून अक्षतंतूतून उलट दिशेने मेरुरज्जूपर्यंत जातं, तिथून पुढच्या पेशीत शिरतं आणि स्नायूंना आवर घालणाऱ्या चेतापेशींचा स्राव तोडतं. आवर गेला की स्नायू सुटतच नाहीत. एकाच कापाचे दोन टोकाचे परिणाम, केवळ वाहतुकीच्या मार्गामुळे.

दुसरं, कोलेस्टेरॉल. रक्तातलं एलडीएल म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारा साधारण २२ नॅनोमीटर व्यासाचा कण, त्यात हजाराहून जास्त कोलेस्टेरॉल रेणू. तो पटलातून जाणं शक्यच नाही. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की पेशीवर त्याचा खास रिसेप्टर असतो आणि तो क्लॅथ्रिनच्या खळग्यांत जमतो. त्यांनी तपासलेल्या रुग्णांत एक असा होता, ज्याचे रिसेप्टर एलडीएल व्यवस्थित धरत होते, तरी कोलेस्टेरॉल आत जात नव्हतं. पुढे कळलं की रिसेप्टरच्या पेशीद्रव्याकडच्या छोट्या शेपटीत फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं आहे. टायरोसिनच्या जागी सिस्टीन. त्यामुळे जोडणारी प्रथिनं शेपटी ओळखत नाहीत, रिसेप्टर खळग्यात जमत नाही, आणि माल दारातच राहतो. @सूक्ष्मदर्शी यांनी 'शेपटी ओळखतात' हे एका वाक्यात लिहिलं, त्या वाक्याच्या मागे हा रुग्ण आहे. या दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं.

रिसेप्टरचं पुढे काय होतं तेही महत्त्वाचं. पीटिका आत गेली की तिचा सामू उतरतो, त्या आम्लात रिसेप्टर एलडीएलला सोडून देतो. एलडीएल लयकारिकेकडे जातं आणि रिसेप्टर परत पृष्ठभागावर. एक फेरी साधारण दहा मिनिटांची, आणि असा एकच रिसेप्टर शेकडो फेऱ्या करतो. पीसीएसके९ नावाचं प्रथिन रिसेप्टरला चिकटलं, तर त्याला ही परतीची वाट मिळत नाही, तो लयकारिकेत जाऊन नष्ट होतो. २०१५ पासून वापरात आलेली पीसीएसके९ विरोधी इंजेक्शनं नेमकं हे चिकटणं अडवतात. म्हणजे औषध कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही, ते रिसेप्टरची परतीची फेरी चालू ठेवतं. रुग्णांना हे समजावून सांगितलं की औषधाबद्दलची भीती बरीच कमी होते, असा माझा अनुभव आहे. ज्यांच्या घरात कमी वयात हृदयविकाराचे झटके आलेत त्यांनी कोलेस्टेरॉल जरूर तपासून घ्यावं. जन्मजात एलडीएल वाढलेलं असणं हे साधारण अडीचशे माणसांत एकाला आढळतं, म्हणजे मुळीच दुर्मीळ नाही.

निवांत

+१ सगळ्याच प्रतिसादांना. मी संख्या जुळवत होतो, एक जागा अडतेय. जालिकेतून गॉल्गीकडे माल नेणाऱ्या पीटिका साधारण ६० ते ८० नॅनोमीटरच्या असतात असं वाचलंय. पण कोलॅजन, जे आपल्या हाडा-कातडीत सगळीकडे असतं, त्याचा पहिला रेणू ३०० नॅनोमीटर लांबीचा ताठ दांडा असतो. तो वाकतही नाही म्हणे. मग ८० च्या डब्यात ३०० चा दांडा बसतो कसा?

सूक्ष्मदर्शी

@निवांत, माझ्या मते पीटिकांच्या या विषयात याहून चांगला प्रश्न नाही. कितीतरी वर्षं संशोधकही इथेच अडले होते.

आधी, दांडा ताठ का? कोलॅजनच्या तीन साखळ्या दोरासारख्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात आणि हे वळणं जालिकेतच पूर्ण होतं. इतर प्रथिनं गुंडाळून गोळा होतात, हे मात्र काठीसारखं तयार होऊनच निघतं. आणि ते आपल्या शरीरात सर्वाधिक असणारं प्रथिन, म्हणजे अपवाद म्हणून सोडून देता येत नाही.

२००९ मध्ये टँगो१ नावाच्या प्रथिनाचं काम कळलं आणि चित्र बदललं. हे प्रथिन जालिकेच्या पटलात रोवलेलं असतं. त्याचा एक हात पोकळीत जाऊन, दुसऱ्या एका प्रथिनाच्या मदतीने, कोलॅजनला धरतो आणि दुसरा हात पेशीद्रव्यात, जिथे पीटिकेचं कवच जुळत असतं. आत काठी आहे हे त्याच्यामार्फत बाहेरच्या कवचाला कळतं, आणि ते लवकर मिटण्याऐवजी जास्त पटल येईपर्यंत वाढत राहतं. त्यातून होणारं वाहन मोठी पीटिका आहे, लांब नळी आहे, की जालिका आणि पुढची कुंडं यांच्यात थोड्या वेळापुरता बोगदाच होतो, यावर अजून जोरदार वाद आहे. मला बोगद्याची बाजू पटत चालली आहे. पण हे माझं मत, निकाल नव्हे.

कवच बनवणाऱ्या प्रथिनांपैकी सेक२३ए मध्ये बिघाड झाला, तर माणसात कवटीची हाडं उशिरा जुळतात आणि चेहऱ्याची ठेवण बदलते. सगळ्या पेशींत तेच कवच असताना आधी हाडंच का बिघडतात? कारण काठ्या बाहेर पाठवायच्या असतात त्या हाडं-कूर्चा बनवणाऱ्या पेशींना, आणि त्यांना कवचाची गरज सर्वांत जास्त.

कुतूहल

एक सामान्य वाचक म्हणून विचारते. एमआरएनए लसीतला रेणू, म्हणजे प्रथिन बनवायची कृती लिहिलेला संदेश, तर चार हजारांहून जास्त अक्षरांचा असतो म्हणतात. तो मेदाच्या कणातून पेशीत जातो. पण तुमच्या बोलण्यावरून तो पीटिकेत म्हणजे 'बाहेर'च राहायला हवा. आणि रायबोसोम तर पेशीद्रव्यात. मग लस काम कशी करते?

नाडीपरीक्षा

@कुतूहल, स्वतःला सामान्य वाचक म्हणू नका, लस बनवणाऱ्यांसमोरचा सर्वांत अवघड प्रश्न हाच होता. रक्तात किंवा स्नायूत असताना त्या कणातल्या खास मेदावर जवळजवळ विद्युतभार नसतो. पेशी कणाला पीटिकेत घेते, पीटिकेचा सामू उतरतो आणि त्या आम्लात मेदावर धनभार येतो. पीटिकेच्या पटलात ऋणभाराचे मेद असतात. दोन्ही एकमेकांत गुंततात, पटलाची रचना मोडते आणि थोडा एमआरएनए पेशीद्रव्यात निसटतो. 'थोडा' हे मुद्दाम लिहितेय, कारण बहुतांश माल निसटत नाही, लयकारिकेत पचून जातो. पण जेवढा सुटतो त्याच्यावरून रायबोसोम भरपूर प्रथिन बनवतात, म्हणून काम होतं.

फ्लूचा विषाणूही असंच करतो. त्याच्या पृष्ठभागावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आम्लात आपला आकार बदलतं आणि विषाणूचं पटल पीटिकेच्या पटलाला जोडून टाकतं. पेशी मारायला म्हणून जे आम्ल ओतते, त्यालाच विषाणू दार उघडायचा इशारा मानतो.

भौतिकवाला

स्नेअरचा हिशेब पटला, धन्यवाद. पण शीर्षकाला एक आव्हान देतो. कॉलराचं विष पीटिकेत आत जातं, तरी लयकारिकेत पचत नाही आणि पटलही फोडत नाही. तरीसुद्धा त्याचा एक तुकडा पेशीद्रव्यात पोचून काम करतो. म्हणजे 'आत'च गेलं की.

सूक्ष्मदर्शी

@भौतिकवाला, बरोबर आहे, आणि हे विष आपल्याच नियमाने चालतं. ते मार्ग उलटा धरतं. पृष्ठभागापासून गॉल्गी, गॉल्गीपासून जालिका. जालिका ही अशी जागा आहे, जिथे पटल ओलांडायचं दार मुळातच आहे. चुकीची घडी पडलेली प्रथिनं पेशी जालिकेतून परत पेशीद्रव्यात खेचून नष्ट करते. विषाचा तुकडा स्वतःला तसंच बिघडलेलं प्रथिन म्हणून पेश करतो, दार ओलांडतो आणि पलीकडे नष्ट होण्यातून वाचतो. @बारावी_सायन्स यांनी विचारलं होतं की पटल ओलांडायचं कुठे. जायचं दार जालिकेत आणि परतीचंही तिथेच, हे या जिवाणूला आपल्या कितीतरी आधी सापडलं.

बारावी_सायन्स

सर, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काँगो रेडचा प्रयोग करून पाहिला. मॅडमनी हातमोजे घालायला लावले, रंग अपायकारक असतो म्हणाल्या. पहिले दोन थेंब वाया गेले, पॅरामेशियम फारच पळत होते. मग कापसाचे धागे टाकून त्यांना अडकवलं. लाल फुगे दिसले, मग जांभळे, तीन-चार निळे. पण एक फुगा मी सोडलाच नाही, बघत राहिले. तो निळा झाला आणि नंतर पुन्हा लालसर झाला. माझं काही चुकलं का?

सूक्ष्मदर्शी

काही चुकलं नाही, उलट फार नीट पाहिलंस. पॅरामेशियममध्ये आधी आम्लाच्या पीटिका येऊन अन्नरिक्तिकेला मिळतात, तेव्हा सामू ३ पर्यंत उतरतो. त्यानंतर लयकारिका येऊन मिसळतात आणि सामू पुन्हा वर चढतो, म्हणून रंग परत लाल. पचनाची मुख्य एन्झाइम्स या दुसऱ्या फेरीत येतात. म्हणजे तो लाल फुगा पहिल्यासारखा दिसला, तरी त्याच्या पटलात आता दोन-तीन प्रकारच्या पीटिकांचं पटल मिसळलेलं होतं.

पुढच्या वेळी तोच फुगा आणखी थोडा वेळ धरून ठेव. पेशीच्या मागच्या अर्ध्या भागात एका ठरलेल्या जागी तो पटलाला टेकेल आणि न पचलेलं यीस्ट बाहेर पडेल. क्षणभराचं काम असतं, पापणी लवली तर चुकतं. आणि नंतर त्या जागेभोवती बारीक पीटिका सुटताना दिसतील का ते शोधू नकोस, साध्या सूक्ष्मदर्शकात त्या दिसत नाहीत. पण रिक्तिकेचं पटल तिथून परत मुखखाचेकडे जातं आणि पुढच्या फुग्याला वापरलं जातं.